पाल्याचं कालवण

बा, आज संध्याकाळी मी शेवग्याच्या पाल्याचं कालवण केलं. तुझी सून चार दिवस मुरबाडला तिच्या बहिणीकडे गेली आहे, त्यामुळे शहापूरच्या घरात सध्या मी एकटा आणि ओटा माझ्या ताब्यात. खरं तर खिचडी टाकणार होतो. पण साडेसहाला तुझ्या नातीचा फोन आला. तिला तू पाहिलं नाहीस, ती पोटात असतानाच तू गेलास. आता ती कल्याणला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते आणि रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. लोकांच्या अंगात रक्त किती कमी आहे हे दिवसभर बघून तिला आता स्वतःच्या ताटाची काळजी वाटायला लागली आहे. "पप्पा, काहीतरी झटपट सांगा," म्हणाली. "हिरवं, पौष्टिक, तेल कमी. पंधरा मिनिटांत झालं पाहिजे." मी म्हटलं, तुझ्या आजोबांचं कालवण पंधरा मिनिटांत होतं, तीनशे पोरांचं असेल तर दीड तास धर. ती हसली. खाली जाऊन शेवग्याच्या पाल्याची जुडी घेऊन आली. भाजीवाली त्याला मोरिंगा म्हणते आणि त्या नावाचे पाच रुपये जास्त घेते. मी माझा पाला परसातून तोडला. मग तिनं तिचा फोन तिच्या ओट्यावर उभा केला, मी माझा साखरेच्या डब्याला टेकवला, आणि आम्ही दोघं दोन गावांत एकाच वेळी पाला निवडायला लागलो.

तुझी कृती मला पाठ आहे, फक्त तुझी मापं घरात चालत नाहीत. दोन पोती पाला, दोन पायल्या तांदळाची कणी, लसणाच्या वीसेक गड्ड्या, आणि मीठ ओंजळीनं. हे सगळं दोन माणसांवर आणायचं म्हणजे मोठा भागाकार आहे. तो मी कधीच सोडवून टाकला आहे: दोन मुठी पाला, मूठभर कणी, सहा पाकळ्या लसूण, तीन हिरव्या मिरच्या. पाला निवडेपर्यंत कणी भिजते. भिजली की हातानंच चुरडायची. लसूण सालासकट ठेचून चमचाभर तेलात टाकायचा, मिरची मोडून टाकायची, मग पाणी. पाण्याला उकळी आली की कणी, ती मऊ झाली की मीठ, आणि पाला सगळ्यात शेवटी. तू म्हणायचास, "पाला शेवटाला. झाकण ठेवायचा नाय, कोंडला का काळा पडतो." पोरीच्या घरात कणी नव्हती, तिनं तांदूळ भिजवून मिक्सरला एकदा फिरवला. ते मी चालवून घेतलं. झाकणाचं मात्र मी तिला दोनदा सांगितलं, तरी गॅस वाचतो म्हणून तिनं झाकण ठेवलंच. उघडलं तेव्हा कालवण काळपट, साचलेल्या पाण्याच्या रंगाचं झालं होतं. तिनं ते मला कॅमेऱ्यात दाखवलं आणि म्हणाली, चवीला ठीक आहे. मी माझं दाखवलं. माझं हिरवं होतं. तेवढं श्रेय मी घेतलं.

डोळखांबच्या बाजूच्या त्या आश्रमशाळेत तू सैपाकी होतास. मी तिथं पाचवीत आलो, तेव्हा तू मला दरवाजातच थांबवलंस. खांद्यावर माझी पत्र्याची पेटी होती, ती तू उतरवून घेतली नाहीस. म्हणालास, "हितं मी तुजा बा नाय. हितं मी मामा. ताटात सगळ्यांवानीच पडंल." शाळेतली पोरं सैपाक्याला मामाच म्हणायची, त्यामुळे त्यात वेगळं काही नव्हतं. पण आपल्या बापाला मामा म्हणायचं, आणि तेही चारचौघांत, हे जमायला मला बरेच दिवस लागले. आधी मी तुला काहीच म्हणायचो नाही. नुसतं ताट पुढं करायचो. मग एकदा मीठ हवं होतं तेव्हा तोंडातून निघून गेलं, मामा, मीठ. तू वर बघितलंस, चिमूटभर मीठ माझ्या ताटाच्या कडेला ठेवलंस आणि पुढच्या पोराकडे वळलास. तुला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते मला त्या वेळी कळलं नाही आणि नंतर विचारायचं राहून गेलं. सुट्टीत पाड्यावर गेलो की पहिले दोन दिवस मी घरातही तुला मामा म्हणायचो आणि आई कपाळावर हात मारून घ्यायची.

शाळेत भाजीची गाडी आठवड्यातून एकदा यायची, रस्ता खचला की तीही नाही. उरलेले दिवस पातळ डाळ आणि भात. तुला ते पटायचं नाही. स्वयंपाकघरामागे तू शेवग्याच्या चार फांद्या रोवल्या होत्यास, त्यांची झाडं झाली. त्यांचा पाला तू ओरबाडायचास आणि कालवण करायचास. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मनाईही केली नव्हती. माझ्या डोळ्यासमोर अजून आहे ते: तू चुलीपुढे उभा आहेस, डोळ्यांतून धुराचं पाणी येतंय, आणि टोपात पाला पडल्याबरोबर पाण्याचा रंग बदलतो तेव्हा तू डाव थांबवून क्षणभर बघत राहतोस. रोज बघायचास. पोरांना त्याचं काही नव्हतं. मोठी पोरं म्हणायची, मामानं आपल्याला ढोरं केलं, आज परत पाला. काही जण ताट पुढं करताना हंबरायची. मीही एकदा हंबरलो आहे. तुझ्यासमोर नाही, रांगेच्या मागे, पण हंबरलो. कालवण मला आवडायचं, हे मी त्या पोरांना कधी कळू दिलं नाही.

मी सातवीत होतो तेव्हाची एक दुपार सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून येतं. भाताच्या टोपाच्या तळाला खरवड राहायची, कुरकुरीत, जराशी करपलेली. ती कुणाला द्यायची नाही असा तुझा नियम होता, कारण तीनशे पोरांना पुरेल एवढी खरवड कुठल्याच टोपाला लागत नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं आत शिरलो. दोन दोस्त बाहेर उभे होते. त्यांना मी सांगून ठेवलं होतं की खरवड घेऊन येतो, माझाच बा आहे. तू टोप घासायला काढत होतास. मी हळूच म्हटलं, "बा, खरवड दे ना." तू डाव टोपाच्या काठावर आपटलास. "कोण बा? मागच्या दारानं कोण आला? लायनीत जा." ते त्या दोघांनी ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वसतिगृहानं. "कोण बा" हे पोरांना चांगलंच सापडलं. मी संडासाकडे निघालो तरी मागून कुणीतरी विचारायचं, कोण बा? मला तुझा राग आला, बा. एवढा राग मला नंतर आयुष्यात फार कुणाचा आला नाही, आणि मी सरकारी कचेरीत कारकून आहे, तेव्हा संधी पुष्कळ मिळाल्या.

चारच दिवसांनी तपासणीला साहेब आले. दिवाळीची सुट्टी जवळ आली होती, खाली शेतांत भात कापणीला आला होता. साहेब वयानं मोठे होते, सावकाश बोलणारे, शहरातले. त्यांनी वर्ग बघितले, अंथरुणं बघितली, आणि मग व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. हेडमास्तरांना म्हणाले, तुम्ही आत बसा, मी पोरांशी जरा बोलतो. चार पोरांना एकेक करून बोलावलं. कुठलं पोर कुणाचं हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. आधीचे तिघे म्हणाले, जेवण बरं असतं. चौथा मी. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझं नाव विचारलं, इयत्ता विचारली. मग म्हणाले, "जेवायला काय असतं रे?" मी म्हटलं, "भात." "आणि?" मी म्हटलं, "पाला." त्यांनी वहीत लिहिलं. मी परत वर्गात आलो. एवढंच. आपल्या बोलीत पालेभाजीला पालाच म्हणतात. शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला, आई बाजारात जाऊन पाला आणते आणि त्याची भाजी होते. शब्द खोटा नव्हता. चाळीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो आहे की शब्द खोटा नव्हता.

सुट्टीनंतर शेरा आला. हेडमास्तरांनी तुला ऑफिसात बोलावून कागद तुझ्यापुढे ठेवला. तू चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर लावून वाचायचास. मी खिडकीखाली उभा होतो, म्हणून मला तुझा आवाज ऐकू आला. "वि-द्या-र्थ्यां-ना झा-ड-पा-ला..." आणि तू तिथं थांबलास. पुन्हा वाचलंस. झाडपाला. मग म्हणालास, "सर, पाला आन् झाडपाला येक नाय." हेडमास्तर चांगले होते, ते म्हणाले, "मला कळतंय रे. कागदाला कुठं कळतं?" पंधरा दिवसांत दुसरा सैपाकी आला आणि तुला फाटकावर बसवलं, रखवालीला. नोकरी गेली नाही, पगारही तोच राहिला. गेली ती फक्त चूल. नव्या सैपाक्यानं शेवग्याला हात लावला नाही, पुन्हा शेरा नको म्हणून. पातळ डाळ आणि भात सुरू झाला, आणि पोरांना महिनाभरातच कालवणाची आठवण यायला लागली. तू फाटकापाशी स्टुलावर बसायचास आणि जेवणाची घंटा झाली की उठून उभा राहायचास. मग जायचं कुठंच नाही हे लक्षात येऊन पुन्हा बसायचास. हे मी वर्गाच्या खिडकीतून बघायचो. पहिले काही दिवस मला बरं वाटलं, हे लिहायला हवं. नंतर ते बंद झालं.

पौषात तू मला मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला नेलंस. आई म्हणाली होती, बापाचं मन रमंल. आपण बैलबाजारातून फिरलो. घ्यायचं काही नव्हतं, तरी तू एकदोन बैलांचे दात बघितलेस. मला तू नवी चप्पल घेऊन दिलीस. मी मागितली नव्हती. जिलबीच्या दुकानापाशी एका मोठ्या कढईखाली चुलाण पेटलं होतं. तू तिथं थांबलास आणि ती माणसं जाळ कसा धरतात ते बराच वेळ बघत राहिलास. एकाला म्हणालासही, "लाकडा मागं ओढ, बूड करपंल." त्यानं ऐकलं. आपण जिलबी घेऊन एका झाडाखाली बसलो. शाळेचं फाटक तिथून लांब होतं, म्हणून मी तुला बा म्हणू शकत होतो, पण म्हणालो नाही. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "सायबानी तुला इचारला होता का रे काय?" मी म्हटलं, "नाय." तू मान हलवलीस. "बरा झाला. पोरांना कशाला मधी घ्यायचा." आणि तुझ्या कागदातली उरलेली जिलबी माझ्या कागदात टाकलीस. ती मी खाल्ली. नव्या चपलेनं टाच सोलवटली होती, तरी घरापर्यंत मी ती पायातून काढली नाही.

त्यानंतर तू कालवण फक्त घरी केलंस, आणि तेही आई भाताच्या आवणीला गेली की. तुझा हात मोठाच राहिला. चौघांसाठी म्हणून बसायचास आणि अर्ध्या पाड्याला पुरेल एवढं व्हायचं, मग आई घरोघर टोप घेऊन फिरायची आणि म्हणायची, "घ्या गो, आज आश्रमशाळा आपल्याकडंच हाय." त्या शेऱ्याची गोष्टही तूच पहिल्यांदा हसून सांगितलीस. सायबाला पाला म्हंजे ढोरांचा पाला वाटला, बिचाऱ्याला काय ठावं. आईनं ती उचलली, मग आत्यानं, आणि आता घरात लग्नकार्य असलं की कुणीतरी सांगतंच. माझ्या लग्नातही सांगितली. सगळे हसतात, मीही हसतो. तू गेल्यावर पेटीत त्या शेऱ्याची प्रत सापडली. कार्बनची निळी अक्षरं, घड्यांवर फाटलेली. "विद्यार्थ्यांनी सांगितले" असं त्यात लिहिलं आहे. विद्यार्थ्याने नाही, विद्यार्थ्यांनी. असे कागद रोज माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे अनुस्वार माझ्या नजरेतून सुटत नाही. पाला म्हणणारा मी एकटाच होतो, आणि त्या एका टिंबाखाली मी इतकी वर्षं बसून आहे. तू ती प्रत का जपून ठेवलीस, ते मला माहीत नाही. तुला त्यातलं सगळं कळलं होतं का, तेही माहीत नाही. कळलं असेल असं मला वाटतं आणि नसेल असंही वाटतं. ज्या दिवशी जे सोसवेल ते मी धरतो.

तर आज. आम्ही दोघं आपापल्या ताटापुढे बसलो, तिचं काळं कालवण, माझं हिरवं, मधे फोन. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. म्हणाली, "आजोबांची ती गोष्ट सांगा ना, साहेबाची. माझ्या मैत्रिणीला ऐकायचीय." मी सांगितली, जशी सगळे सांगतात तशी. ती मैत्रीण हसली, कॅमेऱ्यात डोकावून नमस्कार करून गेली. तुझी नात मात्र हसली नाही. घास हातात धरून विचार करत होती. लॅबमध्ये कसल्याही निकालावर ती दोनदा बघते, तशी सवयच आहे तिला. म्हणाली, "पण पप्पा, साहेबांनी विचारलं नाही का? पाला म्हटल्यावर कुणीही विचारेल, कसला पाला म्हणून. एवढी मोठी चौकशी आणि एवढं पण नाही विचारलं?" ही गोष्ट मी किती वेळा ऐकली आणि सांगितली, त्याला गणती नाही. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "नाही विचारलं." ती म्हणाली, "कसला बेजबाबदार माणूस." आणि जेवायला लागली. त्या साहेबांना आता असं काही ऐकून घ्यायची गरज नव्हती. तेही कधीच गेले असतील.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते सोड. पण ते फाडून टाकण्याऐवजी तुझ्या नातीला पाठवता येईल, पत्ता माझ्याकडे आहे, आणि मी ते करणार नाही. तिनं आज पहिल्यांदा तुझ्या हातचं म्हणून काही खाल्लं, आणि तिला ते आवडलं. तिला मी खरं सांगितलं तर त्यानंतर ती माझ्याकडे कशी बघेल, याची मला भीती वाटते, सरळ भीती. तुझ्यापुढे तशी भीती बाळगायचं कारण उरलेलं नाही, म्हणून तुला सांगतो. साहेब बेजबाबदार नव्हते. मी पाला म्हटल्यावर त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे नीट बघितलं आणि मऊ आवाजात विचारलं, "कसला पाला, बाळ?" त्या दिवशी पाला निवडायची पाळी माझी होती. तुझ्या शेजारी बसून सकाळी एक अख्खं पोतं मी ओरबाडलं होतं, बोटं अजून हिरवी होती, म्हणून मी हात मागे घेतले आणि म्हटलं, "म्हाईत नाय."